खिंडसीच्या काकांना, मनापासून

आदरणीय काका,

फेब्रुवारीतल्या त्या रविवारी तुम्ही आमच्या लेकीला रामटेकजवळच्या खिंडसी तलावाकाठच्या रानात दिवसभर फिरवलंत. निघताना तुमचे आभार मानले होते, पण ते फार अपुरे वाटत राहिले. तुम्ही काय केलंत हे नागपुरातल्या इतर आईबापांनाही कळावं, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

तिची नजर आता फार थोडी उरली आहे. उजेड, अंधार आणि अगदी जवळचे ठळक रंग तेवढे कळतात. पक्षी पाहायला जायचा तिचा हट्ट जुना, पण मी जिथे विचारलं तिथून नकारच आला. गोड शब्दांत, तरी नकारच. तुम्ही एवढंच विचारलंत, “पोरीचे कान चांगले आहेत ना बाई? मंग आना तिले.”

तलावात शिरलेल्या त्या डोंगरसोंडेवर पळस ऐन फुलात होता. तुम्ही काठीचं एक टोक तिच्या हाती दिलंत, दुसरं स्वतःकडे ठेवलंत आणि वाट सांगत चाललात. आता मूळ आडवं आलं, आता उतार, आता डाव्या हाताला बोरीचे काटे. तिला कुठे ओढलं नाहीत की उचललं नाहीत. आई म्हणून मला याचं किती मोल आहे, ते लिहून सांगता येणार नाही.

एका पळसाखाली तुम्ही सगळ्यांना गप्प केलंत. वर पळसमैनांचा नुसता कलकलाट. मध्य आशियाकडून येणारी ही पाखरं फुलांतला रस पितात, तोंडाला पराग लागतो, तो पुढच्या झाडावर जातो, हे सांगत तुम्ही एक ताजं फूल तिच्या ओंजळीत ठेवलंत. त्यातला रस तिने चाखून पाहिला.

तांबट पक्ष्याचं तर मलाही ठाऊक नव्हतं. तो चोच मिटूनच टुक टुक करतो, गळा फुगवतो आणि बोलताना मान वळवतो, म्हणून आवाज कधी इकडून तर कधी तिकडून येतोय असं वाटतं. कानांमागे तळवे धरून, जागचं न हलता ऐकायला तुम्ही शिकवलंत. थोड्या वेळाने ती “शिक्रा!” म्हणाली, तेव्हा तुम्ही तिला घाईने चूक ठरवलं नाहीत. “आनखी आयक,” म्हणालात. त्याच फांदीवरून मग दुसरेच दोन-तीन आवाज निघाले. शिक्र्याची नक्कल करणारा तो पल्लवपुच्छ कोतवाल होता, आणि तो तिचा तिनेच ओळखला.

दुपारी काठाशी डबे सोडले होते, तेवढ्यात तिने हात वर केला: “दहाच्या दिशेला, खूप उंच.” घड्याळाच्या काट्यांवरून दिशा सांगायची रीतही तुमचीच. आम्ही दुर्बिणी वळवल्या, तर सर्पगरुड घिरट्या घालत शीळ देत होता. आमच्यापैकी कुणालाच तो आधी कळला नव्हता. पुढे तलावावरून अडई बदकं शिट्ट्या घालत गेली, तेव्हा दुर्बिणीवाले सगळे आधी तिच्याकडे वळले, कुठे बघायचं ते विचारायला. तिच्या आजारपणात इतकी वर्षं ती फक्त इतरांना विचारत आली आहे, काका.

आता ती पहाटे खिडकीशी बसते. दयाळ, शिंजीर, आमच्या गल्लीतल्या उंबरावर येणारे राखी धनेश, सगळ्यांची नोंद फोनवर बोलून ठेवते. तुम्ही दिलेली काठी दाराशीच आहे, शाळेत जातानाही तीच लागते.

एक विनंती आहे. मारुती चितमपल्ली आणि सालिम अली यांच्या जन्मदिवसांना जोडून महाराष्ट्रात 5 ते 12 नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह असतो. त्या आठवड्यात तिच्या शाळेतली आणखी काही मुलं खिंडसीला येऊ इच्छितात. त्यांतल्या दोघांना मुळीच दिसत नाही. काठ्या आम्ही आणू, डबे आणू, प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस येईल. तुम्हाला जमेल तो दिवस कळवा.

तुमची कृतज्ञ,
लेकीची आई, नागपूर