एफआरपीचे व्याजही द्या
महोदय,
उसाची एफआरपी (केंद्राने ठरवलेला रास्त व किफायतशीर दर) दोन हप्त्यांत देण्याचा फेब्रुवारी २०२२ चा शासननिर्णय मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केला, त्यावरील आपला लेख वाचला. निकालाचे स्वागतच, पण लेखात व्याजाचा मुद्दा निसटला. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस कारखान्याला दिल्यापासून १४ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के व्याज. लाखाचे बिल दोन महिने थकले, तर सुमारे अडीच हजार रुपये होतात. ही रक्कम किरकोळ नाही, सोसायटीच्या कर्जावर शेतकरी व्याज भरतोच. वजनपावती, बिल व बँकेतील जमानोंद जोडून साखर आयुक्तांकडे लेखी मागणी करावी. आरआरसीच्या (थकबाकी जमीन महसुलाप्रमाणे वसूल करण्याच्या) आदेशातही मुद्दलासोबत व्याजाचा आकडा धरलाच पाहिजे.
– एक ऊस उत्पादक, वाळवा (जि. सांगली)