सांभाळणारा रोबो नको, आठवण करून देणारा चालेल

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारी पुरवणीत रोबोंवर पानभर मजकूर आला होता, फोटो नेहमीचाच, तो 'पेपर' नावाचा मोठ्या डोळ्यांचा पांढरा रोबो आणि शेजारी एक आजी, आणि सूर असा की आता म्हाताऱ्यांना आणि दिव्यांगांना रोबोच सांभाळणार. मी मूळची कोल्हापूरची, सध्या नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमजवळ राहते आणि बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मोठ्या माणसांच्या निवासात काम करते, त्यामुळे वाचून गप्प बसवेना. तो रोबो जपानच्या सॉफ्टबँक कंपनीने २०१४ साली दाखवला आणि २०२० मध्ये त्याचं उत्पादन थांबवलंसुद्धा, पण आपल्याकडे रोबो म्हटलं की अजून त्याचाच फोटो छापतात.

आमच्याकडे जो वापरतात तो बघितला तर तुमचे वाचक हसतील. टेसा नाव त्याचं, दिसायला फुलझाडाची कुंडी, दोन डोळे लुकलुकतात, हात नाही पाय नाही, चालत नाही, कॅमेरा पण नाही. इथल्याच टायनीबॉट्स नावाच्या कंपनीने स्मृतिभ्रंशाच्या लोकांसाठी आणला, आता आमच्यासारख्या ठिकाणी पण असतो. घरच्यांनी किंवा आम्ही फोनवर मेसेज लिहून वेळ लावून ठेवायची, त्या वेळेला तो डच भाषेत बोलतो. उठलास का, दात घासले का, गोळी घेतलीस का, बस यायला दहा मिनिटं आहेत, जॅकेट घाल. बास एवढंच काम.

पण या एवढ्याशा गोष्टीने काय होतं ते सांगते. आमच्याकडे चाळिशीतला एक माणूस आहे, डाउन सिंड्रोम आहे, स्वतःची खोली, स्वतःची किल्ली. रोज सकाळी आमच्यापैकी कोणीतरी दार वाजवून सांगायचं की अंघोळ कर, आणि रोज भांडण, कारण चाळीस वर्षांच्या माणसाला विशीतली पोरगी येऊन अंघोळ कर म्हणाली तर कोणाला आवडेल? कुंडी तेच सांगते तर तो तिला "हो हो माहितीये" म्हणतो आणि टॉवेल घेऊन जातो. कुंडीशी भांडण नाही, कारण ती तोंडाकडे बघत उभी राहत नाही, उसासा टाकत नाही. नंतर त्याला विचारलं की तुला स्वतःला कुठला मेसेज हवाय, तर त्याने काय सांगावं, आमची ड्युटी बदलायच्या वेळेला कुंडीने मोठ्याने म्हणायचं, "दार वाजवल्याशिवाय आत येऊ नका." आता रोज दुपारी आम्ही ते ऐकतो. माझ्या मते त्या यंत्राचा सगळ्यात चांगला उपयोग तोच झालाय.

गोंधळ पण होतात. २७ एप्रिलला इथे राजाच्या वाढदिवसाची सुट्टी असते, त्या दिवशीचा मेसेज बंद करायचा राहिला, हा पठ्ठ्या डबा घेऊन गाडीच्या जागी जाऊन उभा, गाडी येणारच नव्हती. यंत्राला सणवार कळत नाही, ते बघायला माणूसच लागतो. आणि खरी भीती मला तिथेच वाटते. इथे दीर्घकालीन काळजीचा वेगळा कायदा आहे २०१५ पासून, निवासाचा, मदतनिसांचा खर्च त्यातून निघतो, पण कामाला माणसं मिळत नाहीत, मग वरच्या लोकांना वाटायला लागतं की कुंडी आहे ना, मग सकाळची एक शिफ्ट कमी करूया. म्हणजे वाचलेला वेळ त्या माणसाबरोबर बाजारात जायला, सायकलवर फिरायला मिळायच्या ऐवजी हिशेबात गायब.

दुसरं म्हणजे कंपनीवर भरवसा. अमेरिकेत मॉक्सी नावाचा मुलांशी गप्पा मारणारा रोबो होता, जवळपास ८०० डॉलरचा, ऑटिझम असलेल्या मुलांचे बरेच आईबाप घ्यायचे. डिसेंबर २०२४ मध्ये कंपनीने दुकान बंद करतोय म्हणून कळवलं, सगळं बोलणं कंपनीच्या सर्व्हरवरून चालायचं त्यामुळे रोबो पण मुका होणार, आणि आईबापांना मुलांना समजवत बसायला लागलं. ज्या माणसाची सकाळच त्या आवाजावर उभी आहे त्याच्या बाबतीत असं झालं तर?

आता आपल्याकडचं. माझ्या नात्यात एक मुलगा आहे, तिशी ओलांडली, अजून त्याची आई ब्रशवर पेस्ट लावून हातात देते. त्याला येत नाही असं अजिबात नाही, फक्त वेळ लागतो आणि सकाळी घरात कुणाला वेळ नसतो. त्याच आईला रात्री झोप लागत नाही की आमच्या माघारी याचं काय. त्या मावशीला दोष देत नाहीये मी, तिच्या मदतीला आहे कोण? आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, त्याच्या पाचव्या कलमात समाजात राहण्याचा हक्क आणि घरी येऊन मदत मिळण्याचं चक्क लिहिलंय, पण कोल्हापुरात ती घरी येणारी मदत मिळते कुठे ते मला कोणी सांगेल का. केंद्राच्या साधनं वाटपाच्या योजनेतून व्हीलचेअर, श्रवणयंत्रं मिळतात, बौद्धिक दिव्यांग मुलांना शिकण्याचं किट मिळतं, पण तिशीतल्या माणसाला सकाळी काय करायचं याची आठवण देणारं काही त्यात आलं तर किती बरं होईल, त्याला रोबो म्हणायची पण गरज नाही.

आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजची पोरं दरवर्षी प्रोजेक्टला हात हलवणारे रोबो करतात, त्यांना माझी विनंती आहे की असं काहीतरी करून बघा, मराठीत बोलणारं, पुस्तकी मराठी नाही, घरात बोलतो तसं, नेट गेलं तरी चालणारं, कॅमेरा नसलेलं. आणि मेसेज काय असावेत ते आधी ज्याच्या खोलीत ठेवायचंय त्याला विचारा, आईला नंतर.

पुढच्या वेळी या विषयावर छापाल तेव्हा फोटोत आजीच्या शेजारी रोबो उभा करण्यापेक्षा त्या आजीलाच दोन प्रश्न विचारा आणि तिची उत्तरं छापा.

कळावे,
एक वाचक, रॉटरडॅम