बाबा, चावी आईकडे द्या

फिलाडेल्फिया,
शुक्रवार, २८ जून २०२४

ती. आई-बाबांना सा. नमस्कार,

अक्षर मुद्दाम मोठं केलंय. तरी फोनवर डोळे ताणून वाचू नका, शेजारच्या ताईंकडून प्रिंट काढून घ्या.

काल रात्री इथे बायडन-ट्रम्प डिबेट झाली. तुमच्याकडे तेव्हा सकाळचे साडेसहा. बाबा, गयानात पाऊस पडत असताना तुम्ही इंग्लंडची मॅच शेवटपर्यंत बघितलीत हे मावशीने कळवलंय, म्हणजे तेव्हा झोपलेले असणार. पाहिली नाहीत ते बरंच झालं.

मी पाहिली, कारण राष्ट्राध्यक्षासाठी माझं हे पहिलंच मत. नागरिकत्व घेतलं तेव्हा तुम्ही फोनवर नुसतं ‘हं’ म्हणत होतात, ते मी विसरले नाहीये. पण इतकी वर्षं इथे कर भरायचा आणि मतदानाच्या दिवशी गुपचूप ऑफिसला जायचं, हे मला बोचत होतं. ओसीआय कार्ड आहे, म्हणजे भारतात यायला व्हिसा लागत नाही, मनात आलं की विमानात बसता येतं. आणि आमचं पेनसिल्व्हेनिया म्हणजे अगदी काठावरचं राज्य. २०१६ला ट्रम्प इथे ४४ हजारांच्या आसपास मतांनी जिंकले, २०२०ला बायडन साधारण ८० हजारांनी. तुम्हीच म्हणायचात ना, मत फुकट घालवू नये?

तर डिबेट. अटलांटातला स्टुडिओ, समोर प्रेक्षक नाहीत, लिहून आणलेलं काही जवळ ठेवायचं नाही. कोरा कागद, पेन आणि पाण्याची बाटली. आपली पाळी नसेल तेव्हा माईक बंद. बायडन ८१ वर्षांचे, आवाज पार बसलेला. सुरुवातीलाच एका उत्तरात कर, कर्ज, आरोग्य असं बोलता बोलता धागा सुटला, आणि ‘शेवटी आपण मेडिकेअरला हरवलं’ असं म्हणून थांबले. मेडिकेअर ही ज्येष्ठांची सरकारी विमा योजना, तिला कशाला हरवायचं! पुढे सीमेच्या प्रश्नावर पुन्हा अडखळले, तेव्हा ट्रम्प म्हणाले, शेवटी हे काय बोलले ते मला कळलं नाही, त्यांनाही कळलं नसावं. ट्रम्प स्वतः ७८चे, आणि बेधडक वाट्टेल ते ठोकून देत होते, पण खणखणीत आवाजात. पुढे दोघं गोल्फ कोण चांगलं खेळतो यावरून भांडले. तेवढंच हसू आलं.

बाबा, मला मात्र माझी चौथीतली वक्तृत्व स्पर्धा आठवली. टिळकांवरचं भाषण, आणि मी मध्येच गप्प. तुम्ही तिसऱ्या रांगेत बसून नुसते ओठ हलवून पुढचं वाक्य सांगत होतात. घरी जाताना काही बोलला नाहीत, मस्तानी पाजलीत. काल त्या माणसाला ओठ हलवून दाखवणारं समोर कुणीच नव्हतं.

संपल्यावर जिल बायडन कार्यकर्त्यांसमोर म्हणाल्या, जो, तू प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलंस. आई, रागावू नकोस, पण मला तूच दिसलीस. बँकेत बाबा अडले की तू त्यांचं वाक्य हळूच पुरं करतेस, बाहेर आल्यावर ‘छान बोललात हो’ म्हणतेस. ती माया आहे, मला कळतं. पण गणपती मंदिराजवळचा बाबांच्या स्कूटरचा प्रकारही तू असाच पोटात ठेवलास. मला तो मावशीकडून कळला.

म्हणून विचारत नाहीये, ठरवून झालंय. सोमवारपासून सकाळी दहा ते सहा ड्रायव्हर येईल. मावशीच्या ओळखीतला आहे, पन्नाशीचा, शांत, गाणी लावत नाही. पगार मी इथून देईन, तो विषय काढायचा नाही. तुम्ही वाईट चालवता असं अजिबात नाही बाबा. पुण्याची रहदारी आता तुमच्या लायकीची राहिली नाही. गाडी नाहीतरी पार्किंगमध्ये धूळ खातेय. एसी आहे, भाजीच्या पिशव्या मागे ठेवता येतील, आईचे गुडघेही सुटतील. स्कूटर विकायची नाही. ती तिथेच राहू दे, तो अधूनमधून सुरू करून ठेवेल. फक्त चावी आईकडे द्या. आणि आई, ‘फक्त कोपऱ्यापर्यंत’ म्हणाले तरी द्यायची नाही.

सोसायटीच्या हिशेबाबद्दल मी काही बोलणार नाही. एवढंच म्हणते, सप्टेंबरच्या सभेत पुन्हा नाव येऊ देऊ नका. नवी मुलं चुकतील, तुम्ही शेजारी बसून सांगा.

मत कुणाला, हे तुम्ही विचारणारच. आज विचाराल तर अजून बायडननाच, नाक पुसत पुसत. पण त्यांच्या घरच्यांचा मला राग आलाय. कुणीतरी आधीच बोलायला हवं होतं. मी बोलतेय, एवढंच. त्यासाठी महिनाभर ‘हं’ ऐकायची तयारी आहे.

रविवारी पालख्या पुण्यात येतायत. ड्रायव्हर सोमवारपासून, त्यामुळे फर्ग्युसन रस्त्याला जायचंच असेल तर रिक्षाने, दोघांनी मिळून. बीपीची गोळी घेऊन निघा, कानातलं यंत्र काढून खिशात टाकू नका, टोपी आणि पाणी आईच्या पिशवीत. गर्दीत पुढे घुसायचं नाही, लांबून नमस्कार पोचतो. दर्शन झालं की लगेच फोन करा, इकडे सकाळ असेल.

तुमची,
मनू