सायकलची टकटक

सातारा,
२६ ऑक्टोबर

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. आईंचा गुडघा आता बरा आहे हे वाचून जीव भांड्यात पडला. पण शेवटी दोन ओळींत तू जे उरकलंस ते काही डोक्यातून जाईना. सायकल जिन्याखाली लावून टाकलीस? पायडल मारताना येणाऱ्या एका टकटकीपायी? रोज पहाटे आयर्विन पुलावरून सांगलीवाडीला जाऊन येणारा तू, आणि दीड महिना घरात बसलास, हे मला बघवत नाही. म्हणून आज सकाळी फिरायला न जाता लिहायला बसलोय.

तुझी चिडचिड मला पूर्ण कळते. यंदाचा पावसाळा संपता संपता माझ्याही सायकलला हेच लागलं होतं. यवतेश्वरचा घाट चढायला लागलं की टक... टक... टक. पायडलच्या प्रत्येक फेरीला एकदा. सपाटीला काही नाही, उताराला काही नाही. घाटात शांतता असते, खाली सातारा दिसत असतो, समोर अजिंक्यतारा असतो, आणि आपलं सगळं लक्ष त्या एका आवाजात अडकलेलं. बोगद्यातून गेलो की तो दुप्पट मोठा व्हायचा, पण कुठून येतोय ते तरीही कळायचं नाही. सायकलची चौकट म्हणजे पोकळ नळ्यांचा सांगाडा. मागच्या चाकापाशी झालेला आवाज नळीतून फिरत थेट पायाखाली ऐकू येतो. कानावर विसंबून जागा शोधायला गेलास तर फसशील.

मी फसलोच. आवाज पायाखालून येतो, पायडलबरोबर येतो, म्हणजे क्रँकचा, म्हणजे पायडल जिला जोडलेलं असतं त्या दांडीचा, एक्सल गेला, असं मीही ठरवलं आणि दुकानातही तेच सांगितलं गेलं. नवीन एक्सल बसवला. दुसऱ्या दिवशी घाटात पहिल्याच वळणावर टक.

आपण सगळे आधी क्रँकवरच का जातो, याचा मी नंतर विचार केला. आपण ज्या काळ्या सायकलींवर शिकलो त्यांच्या क्रँकला कॉटर असायची, क्रँक एक्सलवर पक्की धरणारी लोखंडी पाचर, आठवतंय ना? तासावर भाड्याने आणलेल्या सायकली, चेनकव्हरवर नंबर रंगवलेला, आणि कॉटर झिजली की क्रँकला एक खटका बसायचा. मिस्त्री हातोडीने दोन ठोके देऊन नट आवळायचा, फारच झालं तर नवी कॉटर ठोकायचा, काम फत्ते. खटका म्हणजे कॉटर, हे आपल्या अंगात तेव्हापासून मुरलंय. आताच्या गिअरच्या सायकलींना कॉटर नसते, पण संशय अजून तिथेच जातो.

मग मी कुठून हे विचारणं सोडलं आणि कधी ते मोजायला लागलो. आवाज जागेबद्दल फसवतो, पण वेळेबद्दल फसवत नाही. पायडलच्या फेरीला एकदा येत असेल तर पायडल, क्रँक, एक्सल, पुढच्या चक्राचे बोल्ट ही मंडळी. चाकाच्या फेरीला एकदा येत असेल तर चाक, स्पोक, टायर. आणि दोन-तीन फेऱ्या सोडून येत असेल तर चेन. माझ्या चेनला ११४ कड्या आहेत आणि पुढच्या मधल्या चक्राला ३८ दात, म्हणजे चेन बरोबर ३ फेऱ्यांत एकदा पूर्ण फिरते. तिथे बरोबर तिसऱ्या फेरीला टक आला तर एखादी कडी अडकतेय हे नक्की. सायकल उभी करून पायडल हळूहळू उलटं फिरवायचं आणि मागच्या छोट्या चक्रांवरून जाताना कुठली कडी वाकायला नाखूश आहे ते बघायचं. पिनवर तेल सोडून ती कडी हाताने दोन्ही बाजूंना हलवली की बहुतेक वेळा मोकळी होते.

आता माझा घोटाळा ऐक. घाटात मी सगळ्यात हलका गिअर लावतो, पुढे २८ दात आणि मागेही २८. म्हणजे पायडलची एक फेरी म्हणजे चाकाचीही एकच फेरी! चाकातला आवाज पायडलचा वाटणारच. हे मला कळलं ते एका वळणावर पाणी प्यायला थांबलो तेव्हा. तोवर टक यायचा उजवा पाय खाली असताना. पुन्हा निघालो तर टक उजवा पाय वर असताना यायला लागला. मी जागेवरच उतरलो. दोष क्रँकमध्ये असता तर पायाची जागा बदललीच नसती. ब्रेक लावून थांबताना चाक फिरलं होतं, पाय थांबले होते, म्हणून दोघांचा मेळ तुटला होता.

खात्री करायला खाली येऊन रिकाम्या मैदानात मागचा गिअर १४ दातांवर टाकला, पुढे २८ तसेच. आता पायडलच्या एका फेरीला चाकाच्या दोन. पण सपाटीवर जोर लागत नाही, त्यामुळे टक येत नाही. म्हणून पुढचा ब्रेक अगदी हलका धरून ठेवला आणि त्याच्याविरुद्ध पायडल मारलं. फेरीला दोन टक! ही युक्ती तुला फार उपयोगी आहे, कारण सांगलीच्या सपाटीवर घाट आणणार कुठून? नाहीतर दंडोबाच्या डोंगरापर्यंत जावं लागेल. फक्त ब्रेक हळू धर, रस्त्यावर नको, मैदानातच कर.

घरी येऊन सायकल उलटी केली आणि मागच्या चाकाचे स्पोक दोन-दोन मुठीत धरून आवळत गेलो. ३२ स्पोक आहेत. नवव्या-दहाव्या जोडीला हातातच टक झाला. तो क्षण मी विसरणार नाही. दोन स्पोक जिथे एकमेकांना ओलांडतात तिथे घासून घासून बारीक खाच पडली होती आणि त्यातला एक थोडा सैल होता. प्रत्येक फेरीत चाकाचा जो भाग जमिनीवर टेकतो, तिथले स्पोक क्षणभर ढिले होतात आणि भाग वर गेला की पुन्हा ताणले जातात. त्यात जोराने पायडल मारलं की ताण अजून हलतो. खाचेतून स्पोक निसटायचा, तोच टक. निपलला, म्हणजे स्पोकच्या टोकाच्या बारीक नटाला, पाव फेरी दिली, जिथे स्पोक ओलांडतात तिथे तेलाचा एकेक थेंब काडीने लावला, जास्तीचं पुसून काढलं म्हणजे ब्रेक लागतो तिथे ओघळायला नको. नंतर दुकानातून चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून घेतला. दुसऱ्या दिवशी यवतेश्वरपर्यंत फक्त टायरचा आवाज आणि माझा श्वास.

हे तुझ्या सायकलला जसंच्या तसं लागू होणार नाही. तू लिहिलंयस की टक फेरीला एकदा येतो, पण उभं राहून पायडल मारलं की थांबतो. मित्रा, तुझं उत्तर तुझ्याच वाक्यात आहे! उभं राहिल्यावर पायावरचा भार वाढतो, कमी होत नाही. एक्सल गेला असता तर आवाज वाढला असता. कमी होतो तो फक्त सीटवरचा भार. पायडल मारताना आपण सीटवर किंचित डावी-उजवीकडे झुकतो, म्हणून टक पायाच्या तालात येतो. तेव्हा नवीन एक्सलचे पैसे अजिबात देऊ नकोस.

असं कर. सीटचा दांडा जिथवर आत आहे तिथे चिकटपट्टी लाव, म्हणजे उंची बदलणार नाही. मग क्लॅम्प सैल करून दांडा बाहेर काढ. पावसाळाभर मागच्या चाकाने उडवलेलं चिखलपाणी त्या फटीतून आत गेलेलं असतं, सुकून त्याची रेती झालेली असते. दांडा पुस, नळीचं तोंड आतून फडक्याने पुस, पातळ ग्रीस लाव आणि पुन्हा बसव. तुझा दांडा ॲल्युमिनियमचा आहे म्हणून ग्रीस चालेल, कार्बनचा असता तर ग्रीस लावू नको म्हटलं असतं. एवढ्याने थांबला नाही तर सीटखालच्या दोन सळ्या जिथे धरलेल्या असतात तो क्लॅम्प खोलून तसंच कर. पण एका वेळी एकच गोष्ट करायची आणि चक्कर मारून बघायचं. मी आधी पायडल, चक्राचे बोल्ट सगळं एकदम खोलून ग्रीस लावलं होतं. त्यात आवाज गेला असता तरी कशाने गेला ते कळलं नसतं.

पायडल खोलायची वेळ आलीच तर एक लक्षात ठेव, डाव्या पायडलची चुडी (आटे) उलटी असते. नेहमीच्या दिशेने जोर लावलास तर ते अजून आवळलं जाईल आणि क्रँकची चुडी जाईल. दोन्ही पायडल सायकलच्या मागच्या दिशेने फिरवली की सुटतात. कोरड्या चुडीचाही असाच टक येतो. आणि बुटाची नाडी किंवा गिअरच्या वायरचं टोक क्रँकला लागत नाही ना, हे सगळ्यात आधी बघ.

एक गोष्ट मात्र आजच कर. सायकल ओल्या फडक्याने पूर्ण पुसून उजेडात ने आणि चौकटीचे सांधे नीट बघ: हँडलखालचा, सीटखालचा, क्रँकजवळचा, मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांचा. रंगात केसाएवढी रेघ दिसली आणि ती नखाला लागली तर सायकलवर बसू नकोस. तडा गेल्याचाही टकच येतो. ॲल्युमिनियम वाकून इशारा देईलच असं नसतं. तू पहाटे अंधारात एकटा पुलावर असतोस, म्हणून हे दोनदा सांगतोय.

कासचा फुलांचा हंगाम आता उतरला, रस्ता मोकळा झालाय. सकाळी सांबरवाडीच्या वर धुकं असतं, नऊपर्यंत निवळत नाही. दिवाळीनंतर चार दिवस काढून ये, सायकलसकट ये. चढ मोठा आहे, पण २८-२८ वर तू आरामात चढशील.

दांडा काढल्यावर आत किती रेती निघाली ते लगेच कळव. वाट बघतोय. आईंना नमस्कार, वहिनींनाही सांग.

तुझाच
मित्र