आई, माझ्यासाठीचे उपास आता सोड

प्रिय आई-बाबा,

फोनवर बोलले तर आई मध्येच "बरं बरं, जेवलीस का" करून विषय बदलणार आणि बाबा मोबाईल घेऊन अंगणात जाणार, म्हणून लिहितीये. बाबा, आईला मोठ्यानं वाचून दाखवा, मधलं काही गाळू नका.

आधी आईचं. संकष्टीला ओट्यापाशी चक्कर येऊन खाली बसलीस, साखर ५८ आली होती, हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं. तुम्ही दोघांनी पद्धतशीर लपवलंत. अगं सकाळी डायबेटिसची ग्लिमेपिराइड घ्यायची आणि मग चंद्र दिसेपर्यंत, म्हणजे रात्री नऊ-साडेनऊपर्यंत नुसत्या चहावर राहायचं, हे कसं चालेल, ती गोळी तुझा उपास आहे का बघत नाही, ती साखर खाली आणणारच. आणि संकष्टी काय, सोमवार काय, हे कशासाठी चाललंय ते मला माहितीये. माझ्या हातांवर कोडाचा पहिला डाग दिसला तेव्हापासून चाललंय.

तर ऐक. बोटांवरचे डाग आता जाणार नाहीत आणि मी ते घालवायच्या मागे लागणंही बंद केलंय. लाइट ट्रीटमेंट थांबवली.

लगेच डोळ्यांत पाणी आणू नकोस, चिडून किंवा कंटाळून केलेलं नाहीये, डॉक्टरांशी नीट बोलून केलंय. मानेवरचा डाग बघ कसा भरून आला, कारण तिथे केसांच्या मुळाशी रंगाच्या पेशी शिल्लक असतात आणि रंग तिथूनच पसरत येतो. बोटांच्या टोकांना केसच नाहीत, मग रंग येणार कुठून? आठवड्यातून दोन-तीनदा ऑफिसातून धावत जाऊन त्या मशीनसमोर उभं राहायचं आणि घरी येऊन दिव्याखाली बोटं तपासत बसायचं, किती दिवस? ज्यांना फरक पडतो त्यांनी जरूर घ्यावी, मी कोणाला नको म्हणणार नाही. मला आता संध्याकाळ मोकळी मिळते, वेळेवर जेवते, झोपही लागते. थायरॉइड तपासून घेतलं, नॉर्मल आहे. डागांवर सनस्क्रीन रोज लावते. डब्याच्या मावशी भाकरीसुद्धा देतात, त्यामुळे तीही काळजी नको.

बाबा, आता तुमच्यासाठी. स्थळांच्या साइटवरचा तो हात मागे घेतलेला फोटो मी काढून टाकला. नवीन टाकलाय त्यात हात समोर आहेत आणि खाली स्पष्ट लिहिलंय की मला कोड आहे. तुम्हाला लागेल हे, स्टुडिओवाल्याकडे तासभर उभं राहून तुम्ही तो फोटो काढून घेतला होतात. लाज वाटत होती म्हणून नाही, पोरीला कोणी टाकून बोलू नये म्हणून, हे मला तेव्हाही कळत होतं. पण त्या फोटोवर होकार आला की माझ्या पोटात गोळा यायचा, की आता हात कधी दाखवायचे, चहा देताना की नंतर. नव्या फोटोनंतर चौकशा कमी झाल्यात, त्या होणारच होत्या. पण फोन वाजला की आता धडधडत नाही.

हे एकदम नाही सुचलं. इथे पुण्यात श्वेता असोसिएशन म्हणून आहे, डॉ. माया तुळपुळे यांनी सुरू केलेली, त्यांना स्वतःलाही कोड आहे. मैत्रिणीनं बळंच नेलं मला त्यांच्या मीटिंगला. तिथे एक छोटी मुलगी आली होती, गुडघ्यांवर डाग, मस्त फ्रॉक घालून खुर्च्यांमधनं पळत होती. आणि तिची आई कोपऱ्यात रडत सांगत होती की मी ग्रहणात विळीवर बसले होते हो. आई, शब्दन् शब्द तुझं. त्या बाईला मी अर्धा तास समजावलं की तुम्ही काही केलेलं नाही, शरीराची संरक्षण करणारी व्यवस्थाच रंगाच्या पेशींवर उलटते, थोडं घराण्यातनं येतं, ग्रहणाचा आणि विळीचा काही संबंध नाही. तिला समजावता समजावता वाटलं, हे तुला सांगायला हवं होतं कोणीतरी, मला शाळेत पाठवून तू देवापुढे बसायचीस तेव्हा. तर आता सांगते. तू काही केलेलं नाहीस, आई.

मला रोज भारी वाटतं असं नाही हं. बसमध्ये कोणी टक लावून बघितलं की हात अजून ओढणीत जातो. जाऊ दे, मग काढते बाहेर.

बाबा, बावचीचं तेल लावून मला सकाळच्या उन्हात बसवायचात ते आठवतं? मी एकटी बसून रडायचे म्हणून तुम्हीही स्वतःच्या हाताला तेच तेल फासून शेजारी पेपर वाचत बसलात, आणि दुसऱ्या दिवशी दोघांच्याही हाताला फोड. आई लोणी लावत फुंकर घालत होती, मला आणि तुम्हालाही, आणि शिव्या फक्त तुम्हाला. आज हाताकडे बघितलं की कधीकधी तेच आठवून हसू येतं.

त्या वैद्यबुवांनी मासे-दुधानं कोड होतं असं सांगितल्यापासून तुम्ही घरात मासळी बंद केलीत. चिपळूणच्या माणसानं! माशांनी कोड येत नाही आणि वाढतही नाही. येत्या रविवारी बाजारात जायचं, बांगडे आणायचे, कालवण करायचं, मला फोटो पाठवायचा. आईनं नको म्हटलं तरी.

आणि आई, उपास करायचाच असेल तर गणपतीसाठी कर, माझ्यासाठी नको, आणि तोही आधी डॉक्टरांना गोळीचं विचारून. दुपारी साखर तपासायची, स्ट्रिप्स कुरिअर केल्यात, शुक्रवारपर्यंत येतील. ७० च्या खाली आली की लगेच तीन चमचे साखर पाण्यातून, पंधरा मिनिटांनी परत तपासायचं, उपास मोडला तर मोडला. बाबा, हे फ्रिजवर लिहून चिकटवा, मोठ्या अक्षरात.

दादाच्या लग्नाला मी डाग झाकायचं क्रीम न लावता येणार आहे. ब्लाऊज कोपरापर्यंतच्या बाह्यांचा शिवायला टाकलाय. मेंदी काढणार, झाकायला नाही, मला आवडते म्हणून. आत्या काहीतरी बोलेलच, तेव्हा तुम्ही दोघांनी तिच्याशी भांडायचं नाही, मी बघते. गुरुवारी रात्रीची एसटी आहे, कुंभार्ली घाट उतरला की फोन करते. बाबा, पहाटे स्टँडवर यायचं असेल तर कानटोपी घालून या.

तुमची,
बाय