‘स्थिर ओव्हरक्लॉक’ म्हणून विकलेल्या सदोष संगणकाबाबत तक्रार

दिनांक : 9 मे 2023

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ओव्हरक्लॉक करून दिलेल्या डेस्कटॉपमधील दोष व वॉरंटी नाकारल्याबाबत.

महोदय,

मी नाशिक येथे वास्तुविशारद आहे. इमारतींचे वॉकथ्रू (आतून फिरल्यासारखे दाखवणारे व्हिडिओ) रात्री रेंडरला, म्हणजे संगणकाकडून फ्रेम तयार करून घ्यायला, लावायचे आणि सकाळी क्लायंटला दाखवायचे, असे माझे काम असल्याने 28 मार्च रोजी मी आपल्याकडून कोअर आय5-12600के प्रोसेसर व झेड690 मदरबोर्ड असलेला, जुळवणी केलेला डेस्कटॉप घेतला. ओव्हरक्लॉकिंग, म्हणजे प्रोसेसर ठरलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालवणे, मला स्वतःला जमले नसते असे नाही. परंतु पोटापाण्याच्या यंत्रावर प्रयोग नकोत, म्हणून ‘24 तासांच्या चाचणीसह स्थिर ओव्हरक्लॉक’ या सेवेचे 5,500 रुपये वेगळे मोजले. बिलावर ही रक्कम याच शब्दांत स्वतंत्र ओळीत नोंदलेली आहे.

पहिल्याच आठवड्यात रेंडर चालू असताना निळा पडदा येऊन संगणक तीनदा बंद पडला. त्याहून वाईट प्रकार पुढे घडला. 1,800 फ्रेमचे एक काम विनातक्रार पूर्ण झाले, पण त्यातील 11 फ्रेममध्ये खिडक्यांच्या काचांवर काळे चौकोन उमटले होते आणि ते माझ्याआधी क्लायंटने पाहिले. संगणक बंद पडला तर निदान कळते तरी. तो चुकीचे गणित करून पुढे चालत राहिला तर काय करायचे? विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (संगणकातील घडामोडींच्या नोंदवहीत) प्रोसेसरच्या दुरुस्त केलेल्या हार्डवेअर त्रुटींच्या नोंदी रांगेने दिसत होत्या. आपल्या प्रतिनिधींनी फोनवर रॅमवर संशय घेतला, म्हणून मी रॅम तपासणाऱ्या मेमटेस्ट या प्रोग्रामचे चार फेरे चालवले. एकही त्रुटी आढळली नाही.

त्यानंतर बायोस (संगणकाच्या मूलभूत सेटिंगचा भाग) उघडून पाहिले, तेव्हा सर्व परफॉर्मन्स कोअर (प्रोसेसरमधील वेगवान कोअर) 5.1 गिगाहर्ट्झवर आणि व्होल्टेज 1.40 व्होल्टवर कायमचे बांधून ठेवलेले आढळले. या प्रोसेसरचा कमाल टर्बो वेग 4.9 गिगाहर्ट्झ आहे, म्हणजे त्या कमाल वेगाच्या तुलनेत आपण दिलेली वाढ जेमतेम चार टक्क्यांची. उष्णता मात्र व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे 1.25 च्या जागी 1.40 दिल्यास त्याच वेगाला सुमारे 25 टक्के अधिक उष्णता बाहेर पडते. परिणामी रेंडर सुरू झाल्यावर दोन मिनिटांत तापमान 100 अंशांची मर्यादा गाठत होते आणि स्वतःला वाचवण्यासाठी प्रोसेसर 4.6 वर उतरत होता. याला आपल्या प्रतिनिधींनी नाशिकचा उन्हाळा कारण सांगितला. खोलीचे तापमान तेव्हा 31 अंश होते. आणि महाराष्ट्रात विकायचे यंत्र एप्रिल-मे महिन्यांत चालणार नसेल, तर ते खरेदीपूर्वी सांगायला हवे होते.

खरे कारण कुलर काढल्यावर दिसले, आणि तो मी आपल्या प्रतिनिधींच्या तोंडी परवानगीनेच काढला. प्रोसेसरची उष्णता कुलरपर्यंत पोहोचवणारी थर्मल पेस्ट एका बाजूला दबून पातळ झाली होती, तर दुसऱ्या बाजूला ट्यूबमधून पडली तशीच जाड रेघ शिल्लक होती. कुलरला जुन्या एलजीए1200 सॉकेटचे (प्रोसेसर बसवण्याच्या खाचेचे) ब्रॅकेट लावलेले होते. या मदरबोर्डवर 75 आणि 78 मिलिमीटर अशा दोन्ही अंतरांची छिद्रे असल्याने ते बसते खरे, परंतु या प्रोसेसरच्या एलजीए1700 सॉकेटमध्ये प्रोसेसरची उंची थोडी कमी असल्याने कुलरचा पुरेसा दाब पडत नाही.

आता चाचणीविषयी. आपण पाठवलेल्या चाचणी अहवालात सिनेबेंच या प्रोसेसर तपासणाऱ्या प्रोग्रामच्या दहा मिनिटांच्या चाचणीचा एकमेव स्क्रीनशॉट आहे. त्याच स्क्रीनशॉटच्या कोपऱ्यात टास्क मॅनेजर उघडा राहिला आहे आणि त्यात संगणक सुरू होऊन 41 मिनिटे झाल्याचे स्पष्ट वाचता येते. मध्यंतरी संगणक पुन्हा सुरू केला असेल, असे आपले म्हणणे असल्यास उरलेल्या 23 तासांच्या नोंदी मला पाठवाव्यात. प्रत्येक प्रोसेसरची कुवत वेगळी असते, म्हणूनच तर वेग एकेक पायरीने वाढवून प्रत्येक पायरीवर चाचणी घ्यायची असते. एकच आकडा सगळ्यांना लावायचा असेल, तर त्याचे 5,500 रुपये कशासाठी?

मी योग्य ब्रॅकेट 450 रुपयांना आणून बसवले, बायोस मूळ स्थितीत नेले आणि 4.7 पासून शंभर-शंभर मेगाहर्ट्झने वर गेलो. 5.0 ला प्राइम95 या प्रोसेसरवर पूर्ण भार टाकणाऱ्या चाचणीमध्ये त्रुटी आली; 4.9 गिगाहर्ट्झ व 1.24 व्होल्टवर तीच चाचणी रात्रभर चालली आणि तापमान 84 अंशांच्या वर गेले नाही. तेव्हापासून एकही फ्रेम बिघडलेली नाही. प्रोसेसरबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

असे असताना, 2 मे रोजीच्या ईमेलमध्ये ‘ग्राहकाने बायोसमधील सेटिंग बदलल्यामुळे वॉरंटी संपुष्टात आली आहे’ असे आपण कळवले. आपण 1.40 व्होल्ट दिले तेव्हा वॉरंटी शाबूत होती आणि मी ते 1.24 वर आणले तेव्हा ती संपली, हा न्याय मला समजलेला नाही.

तरी ओव्हरक्लॉकचे 5,500 व ब्रॅकेटचे 450, असे एकूण 5,950 रुपये परत करावेत, वॉरंटी पूर्ववत असल्याचे लेखी कळवावे आणि दुरुस्तीपूर्वी 100 अंशांवर चाललेल्या या प्रोसेसरमध्ये वॉरंटीच्या काळात दोष उद्भवल्यास तो आपण बदलून द्याल, हेही त्याच पत्रात नमूद करावे. हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, 2019 नुसार मी राहतो त्याच जिल्ह्यातील ग्राहक आयोगाकडे सेवेतील त्रुटीबाबत तक्रार दाखल करीन. बिल, आपला चाचणी अहवाल, पेस्टची छायाचित्रे, इव्हेंट व्ह्यूअरच्या नोंदी आणि 2 मे रोजीचा ईमेल यांच्या प्रती सोबत जोडल्या आहेत. काढलेले जुने ब्रॅकेट माझ्याकडे जपून ठेवले आहे. पाहायचे असल्यास माणूस पाठवावा.

आपला,
(तक्रारदार ग्राहक)
नाशिक