पूल मोजून घेतलेली खोली

ती. आई-बाबांना,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर झालं ते भांडण नव्हतं असं आई म्हणते. नसेल. पण तिघंही एकाच वेळी बोलत होतो, बाबा दोनदा "ठेव आता" म्हणाले आणि व्हेनिसच्या हॉटेलचं राहिलं ते राहिलंच. म्हणून लिहून पाठवते आहे. बाबा, प्रिंट काढा, फायलीला लावा, समासात पेन्सिलीने शेरे मारा, पण आधी शेवटपर्यंत वाचा.

बेटाबाहेर, जमिनीवरच्या मेस्त्रेचं तुम्ही शोधलेलं हॉटेल चांगलं आहे. खोली मोठी, लिफ्ट आहे, स्टेशन समोर, आणि भाडं व्हेनिसच्या बेटापेक्षा बरंच कमी. गाडीत बसलं की दहा-बारा मिनिटांत सान्ता लुचिया, म्हणजे व्हेनिसचं स्टेशन. हिशेबात चूक काढायला जागा नाही. फक्त तो हिशेब सकाळी बाहेर पडून रात्री परतणाऱ्या माणसाचा आहे. तुम्हा दोघांना दुपारी तासभर पाठ टेकायला लागते. व्हेनिसमध्ये फुकट बसायला जागा फार कमी. चौकात बाकं असतात ती मोजकी, आणि खुर्ची दिसली की ती कुठल्या तरी कॅफेची. सान मार्को चौकात पायऱ्यांवर नुसतं टेकलं तरी दंड करतात. मेस्त्रेला खोली असेल तर दुपारी परतायचं म्हणजे आधी बोट, मग गाडी, मग चालणं, आणि संध्याकाळी सगळं उलट. तुम्ही जाणारच नाही. बाबा म्हणतील "आता कशाला", आई म्हणेल "मला काही होत नाही", आणि चार वाजता तुमचे चेहरे कसे झालेले असतील ते मला इथे बसून दिसतंय. रात्रीला साठ-सत्तर युरो जास्त जातात ते या दुपारच्या झोपेचे. पाण्याच्या देखाव्याचे नाहीत.

आता गुडघ्याचं. बाबा, तुम्ही कबूल करणार नाही, पण जिना चढताना हल्ली तुम्ही मधल्या वळणावर थांबता आणि खिडकीतून बाहेर बघता. त्या खिडकीतून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. टाकी बघायला कोणी रोज थांबत नाही. आईने मला काही सांगितलेलं नाही, तिला विचारू नका. मी दिवाळीत आले होते तेव्हा पाहिलं.

व्हेनिसमध्ये चारशेहून जास्त पूल आहेत, आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत, कारण खालून होड्या जायच्या असतात. तुमच्या पाटबंधारे खात्यातला कालवा डोक्यातून काढून टाका. इथे दरवाजे नाहीत, पाळ्या नाहीत, उतार धरून वाहणारं पाणी नाही. खाजणाचं खारं पाणी भरती-ओहोटीबरोबर वर येतं आणि खाली जातं. आणि गंमत म्हणजे, व्हेनिसचे लोक आपल्या शहरातल्या अगदी मोजक्याच प्रवाहांना कालवा म्हणतात, ग्रँड कॅनाल त्यातला मुख्य. बाकीचे सगळे 'रिओ'. काही रिओ मागे बुजवून टाकले आणि त्यांचे रस्ते झाले, त्यांना 'रिओ तेरा' म्हणतात. नकाशात रिओ तेरा दिसला की समजायचं, तेवढा रस्ता तरी सपाट.

हे मला आधी कळलं असतं तर किती बरं झालं असतं! कामासाठी तीन रात्री गेले होते ना मी, त्या वेळची गोष्ट तुम्हाला पूर्ण सांगितलीच नव्हती, उगाच काळजी कराल म्हणून. नकाशा म्हणाला, बोटीच्या थांब्यापासून आठ मिनिटं. आठ मिनिटांत चार पूल होते. बॅग ओढत नव्हते, उचलत होते. पत्ता म्हणजे नुसतं 'कास्तेल्लो' आणि पुढे चार आकडी नंबर. तिथे घरांचे नंबर रस्त्याप्रमाणे लावलेले नाहीत, अख्ख्या विभागाला एकच माळ. शेजारच्या दारावर भलताच नंबर दिसतो. त्यात हॉटेलने 'लिफ्ट आहे' असं लिहिलं होतं. लिफ्ट खरंच होती. ती पहिल्या मजल्यावरून सुरू होत होती, आणि तिथवर दगडी जिना, बावीस पायऱ्या, एका बाजूला दोर बांधलेला. रिसेप्शनवरचा मुलगा म्हणाला, इमारत जुनी आहे, खाली पाणी शिरतं, यंत्र कसं ठेवणार? त्याचं चुकीचं नव्हतं. फक्त ते बुकिंग करताना कोणी सांगत नाही.

म्हणून या वेळी मी तारे बघितले नाहीत, फोटो बघितले नाहीत. थांब्यापासून दारापर्यंत पूल किती आणि दारापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती, एवढंच बघितलं. तीन तारे आणि रात्रीला दीडशे ते दोनशे युरो या पट्ट्यात त्या चाळणीतून दोनच हॉटेलं उरली.

एक स्टेशनजवळ, लिस्ता दि स्पान्यावर. या रस्त्यावर गुल्ये पुलापर्यंत एकही पूल नाही, स्टेशनातून बाहेर पडून डावीकडे वळायचं आणि बॅग सरळ ओढत न्यायची. सोय एक नंबर. पण हा रस्ता म्हणजे मुखवट्यांची दुकानं, पिझ्झाचे तुकडे आणि रात्री उशिरापर्यंत चाकांच्या बॅगांचा खडखडाट. आईला तो आवाज सहन होणार नाही.

दुसरं 'का दोरो' नावाच्या बोटीच्या थांब्याजवळ, कान्नारेजो भागात. माझं मत याला. थांब्यावर उतरलं की एक अरुंद गल्ली सरळ स्त्रादा नोवावर निघते, मध्ये पूल नाही, आणि स्त्रादा नोवा हा व्हेनिसच्या मानाने चांगला रुंद रस्ता आहे. हॉटेल तिथून दोन मिनिटांवर. शेजारी सान्ता सोफियाचा छोटा चौक आहे, तिथून उभ्याने जायची साधी होडी ग्रँड कॅनाल ओलांडून समोरच्या रिआल्तो बाजारात सोडते, पाहुण्यांना दोन युरो. त्राघेत्तो म्हणतात तिला. गोंडोलात बसायची हौस आईला आहे हे मला माहीत आहे, पण तिचा ठरलेला दर दिवसा अर्ध्या तासाला नव्वद युरो. आधी दोन युरोची होडी बघू, मग ठरवू.

खोली मागच्या अंगणाकडची मागितली आहे. आई, रागावू नकोस. मला ठाऊक आहे, तुला खिडकीतून पाणी हवं होतं. त्या शहरात कचरा होडीने जातो, दूध, भाजी, सिमेंट, धुवायच्या चादरी, सगळं होडीने. कॅनालच्या बाजूची खिडकी म्हणजे सकाळी सहापासून डिझेलच्या इंजिनाची धडधड. शिवाय 'कॅनाल व्ह्यू'चे वीस-तीस युरो वेगळे, आणि माझ्या मागच्या खोलीतून तो व्ह्यू बघायला कमरेपर्यंत बाहेर वाकावं लागत होतं. पाणी आपण बोटीतून बघू. एक नंबरची व्हापोरेत्तो अख्ख्या ग्रँड कॅनालमधून थांबत थांबत जाते, संध्याकाळी तिच्यात बसायचं आणि शेवटपर्यंत उतरायचंच नाही.

बुकिंगमध्ये दोन शब्द मुद्दाम लिहून घेतलेत. 'मात्रिमोनियाले' म्हटलं की एक मोठा पलंग, 'दोप्पिया' म्हटलं की साधारण दोन वेगळे. मी दोप्पिया मागितली आहे, कारण सगळ्यांना माहीत आहे. आणि न्हाणीघरात शॉवर, टब नको. टबची कड गुडघ्याच्या वर येते आणि धरायला काही नसतं.

पैशांबद्दल थोडं, कारण बाबा विचारणारच. खोलीच्या भाड्याशिवाय शहराचा मुक्काम कर असतो, माणशी, दर रात्रीचा, पहिल्या पाच रात्रींपर्यंत. तो हॉटेलातच द्यायचा. त्याची पावती वेगळी दिली तर 'आधी का सांगितलं नाही' म्हणून वाद घालू नका. २०२४ पासून दिवसभरापुरत्या येणाऱ्यांना काही ठरावीक दिवशी प्रवेश शुल्क लावतात, ते मुक्कामाला असणाऱ्यांना माफ आहे. बोटीचं एकेरी तिकीट साडेनऊ युरो, पंचाहत्तर मिनिटांचं, म्हणजे सुट्टी तिकिटं काढत बसलो तर दिवाळं. ७२ तासांचा पास ४५ युरोला होता. तोच घेऊ. चढण्याआधी दर वेळी यंत्राला लावायचा, विसरायचं नाही.

बुकिंग अजून पक्कं नाही, रद्द करता येणारं आहे. थोडं महाग पडलं, पण शेंगेनचा व्हिसा हातात येईपर्यंत पैसे अडकवायचे नाहीत. व्हिसाच्या अर्जाला हॉटेलचा कागद लागतो, आणि विमा किमान ३०,००० युरोचा. हॉटेलात पोचल्यावर पासपोर्ट मागतील. घाबरू नका, पाहुण्यांची नोंद पोलिसांकडे पाठवणं इटलीत हॉटेलवाल्यांना बंधनकारकच आहे.

विमानतळावरून तुम्ही दोघंच याल, मी दुसऱ्या दिवशी सकाळी पोचते. वॉटर टॅक्सी दिसायला छान असते, तिकडे बघायचं पण नाही. बसने पियाझाले रोमाला या, वीस-पंचवीस मिनिटं. गाड्यांचा रस्ता तिथे संपतो. तिथून एक नंबरची बोट, पाचवा थांबा का दोरो. फेरोव्हिया, रिवा दे बियाझिओ, सान मार्कुओला, सान स्ताए, आणि मग आपलं. बाबा, आई थांबे मोजेल, तुम्ही बॅगा धरा. आणि ती निळी मोठी सूटकेस आणायची नाही. दोन लहान बॅगा, प्रत्येकाला आपली उचलता येईल अशा. यावर चर्चा नको.

सप्टेंबरचा शेवट धरला आहे, कारण जुलै-ऑगस्टात तिथे उकडतं आणि डास चावतात, आणि मोठ्या भरतीचं पाणी चौकांत चढायचा हंगाम ऑक्टोबरपासून पुढे, नोव्हेंबरात जास्त. १२ नोव्हेंबर २०१९ ला भरतीची पातळी १८७ सेंटिमीटरपर्यंत गेली होती. बाबा, आता तुमच्या कामाचं: त्यानंतर वर्षभराने, ३ ऑक्टोबर २०२० ला, त्यांनी समुद्राच्या तोंडावरचे दरवाजे पहिल्यांदा खऱ्या भरतीसमोर उभे केले. तीन तोंडांवर मिळून ७८ पोकळ पोलादी दरवाजे, एरवी तळाशी पाणी भरून आडवे पडलेले असतात. भरती येणार म्हटलं की आत दाबाने हवा सोडतात, पाणी बाहेर पडतं आणि दरवाजे वर तरंगून उभे राहतात. सर्वांत जवळचं तोंड लिदो बेटाच्या टोकाला आहे. दरवाजे वर आलेले दिसणार नाहीत, पण तुम्हाला तिकडे नेल्याशिवाय तुम्ही मला सुखाने राहू देणार नाही हे मी ओळखून आहे. एक सकाळ त्याला ठेवली आहे.

आणखी एक, हॉटेलपासून जवळच आहे. पोंते कियोदो नावाचा एक लहान पूल आहे, त्याला कठडाच नाही. पूर्वी तिथले बरेच पूल असेच असायचे, शहरात आता हा एवढाच उरला आहे. लांबून बघायचा. बाबा, लांबून.

आईसाठी खाण्याचं एवढंच की पिझ्झा, पास्ता, रिसोत्तो यांत शाकाहारी खूप मिळतं, पण 'बिगोली इन साल्सा' नावाला फसू नकोस. कांद्याची चटणी दिसते, आत खारवलेले मासे असतात.

गुरुवारपर्यंत मला दोनच गोष्टी कळवा: का दोरोवर शिक्कामोर्तब करू का, आणि बाबा गुडघ्याचा पट्टा बरोबर घेणार का. दुसऱ्याचं उत्तर आईकडून आलं तरी चालेल.

तुमची,
धाकटी

ता. क. का दोरोच्या हॉटेलला मी फोन केला होता, दारापासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती म्हणून. फोनवरच्या बाई म्हणाल्या, तीन-चार असतील. मी म्हटलं, नक्की? तर "एक मिनिट" म्हणून त्या उठून गेल्या. पाच आहेत. कठडा उजवीकडे.